दोर धरणाऱ्याची बायको

दोह्यात मला सवत होती असं मी आजही म्हणते, आणि आमच्या घरात ते कुणाला आवडत नाही. ती बाई नव्हती. ती फौजेची एक तुकडी होती. अल रय्यानच्या पुढे, जिथे घरं संपून नुसता दगडगोटा सुरू व्हायचा, तिथे तारेच्या कुंपणात तिचा तळ होता. निवडक पोरं घेऊन त्या छोट्याशा देशानं नुकतीच उभी केलेली खास तुकडी. हे तिथे पॅराशूट विभाग सांभाळायला नोकरीला लागले. हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही.

आपल्या फौजेत हे छत्रीसैनिक होते. लग्नानंतरची सगळी वर्षं मी आकाशाकडे मान वर करून काढली होती. एकदा उतरताना ह्यांचा घोटा मोडला, तेव्हा लेक पोटात होती, आणि मी अवघडल्या अंगानं दवाखान्याच्या बाकावर बसून होते. फौजेतली मुदत संपली, आम्ही पुण्यात घर थाटलं, आणि वर्षभरात दोह्याची नोकरी चालून आली. मी एकच अट घातली. पॅराशूटच्या घड्या घाला, पोरांना शिकवा, पण स्वतः उडी मारायची नाही. ह्यांनी देवासमोर उभं राहून शब्द दिला.

"नाही मारणार. झालं?"

"झालं," मी म्हटलं आणि सामान बांधायला घेतलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. त्या तुकडीचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण जेवताना दुसरं काही कानावर पडायचंच नाही. आधी गोरे साहेब आले आणि त्यांनी बंदूक धरायला शिकवलं. मग जॉर्डनचे उस्ताद आले. त्यांना दोरानं कडा उतरायला शिकवायचं होतं, पण अख्ख्या देशात कडा म्हणून नाही. मग सिमेंटचा मनोरा बांधला आणि पोरं त्यावरून उतरू लागली. पोहायला त्यांना अल खोरच्या किनाऱ्यावर न्यायचे. शेवटी आकाशातून उतरायचं ठरलं आणि त्यासाठी आमची वरात तिथे पोचली.

"एवढ्याशा देशाला हवीत कशाला ही थेरं?" मी एकदा विचारलं.

"एवढासा आहे म्हणूनच हवीत," हे म्हणाले. "शेजारी सगळे थोरले. माणसं मोजकी. मग आहेत ती चोख तयार करायची."

त्या वर्षांत विमानं पळवून नेण्याचं पेव फुटलं होतं. धावपट्टीवर असं एखादं विमान येऊन उभं राहिलं तर आत कोण शिरणार? समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर कुणी चढून बसलं तर? पुढे आखाताच्या वरच्या टोकाला दोन थोरल्या शेजाऱ्यांची लढाई जुंपली आणि तेलाच्या बोटी पेटायला लागल्या, तेव्हा तर ती पोरं बूट न काढता झोपायची असं हे सांगायचे. हे सगळं मला पटत होतं. पटत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. निदान सवत फालतू असती तर तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ह्यांचे तिथले लाड ऐका. नायलॉनला ओरखडा जाऊ नये म्हणून हे रोज सकाळी कानस घेऊन नखं गुळगुळीत करायचे. माझ्या वडिलांनी लग्नात घातलेली अंगठी पॅकिंगच्या खोलीत शिरण्याआधी काढून ठेवायचे, कारण तिचा खडा कापडात अडकला तर? कुठल्या पोराचा गुडघा दुखतो, कोण उंचावर गेला की पांढराफटक पडतो, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, सगळं पाठ. आणि लेक कितवीत आहे, हे शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला विचारायचे.

यातही सगळ्यात वाईट काय, तर मला भांडणसुद्धा मिळेना. डोक्यात राग घेऊन पॅराशूटची घडी घालायची नाही, हा ह्यांचा नियम. एक दोरी इकडची तिकडे झाली तर वर कुणाचा तरी जीव जायचा. म्हणून सकाळी मी कितीही तोंड सोडलं तरी हे शांत. "बरं," म्हणायचे, चहा संपवायचे आणि निघायचे. इतर बायकांचे नवरे ताटं आपटायचे, दारं आपटायचे. माझ्या नवऱ्याचा राग देखील त्या तुकडीनं आधीच राखून ठेवला होता.

"आई, यू आर जेलस," लेक एकदा म्हणाली. तिला मराठी कळायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"हो, आहे," मी म्हटलं. "आणि तू ती पोळी संपव."

अशात एका दुपारी, असरच्या नमाजाची बांग होऊन गेल्यावर, आमच्या दारात मोठी गाडी येऊन थांबली. आतून एक म्हातारी उतरली. अंगावर काळा पायघोळ अबाया आणि कपाळ-नाक झाकणारा, तिकडच्या जुन्या बायका घालतात तसला चकचकीत मुखवटा. मागून तिची सून खजुराचं ताट आणि शेतातली वांगी घेऊन. ती उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावाहून आली होती. तिचा धाकटा मुलगा तुकडीत नव्यानं भरती झाला होता आणि त्याची पहिली उडी आठवड्यावर आली होती. तिचा नवरा तरुणपणी मोती विकायला मुंबईला यायचा, त्यामुळे तिला कामापुरतं हिंदी येत होतं.

मी चहा केला, बेसनाचे लाडू ठेवले. मला वाटलं, मुलाच्या उस्तादाच्या घरी रीतीप्रमाणे भेटायला आली आहे. म्हातारी बसली, घर न्याहाळलं, मला न्याहाळलं आणि लेकीला मारावी तशी हाक मारून म्हणाली, "बिंती, मेरा बेटा बोलता है, उस्ताद बहुत अच्छा. घर आता है, बस उस्ताद, उस्ताद. माँ से बात नहीं करता."

आता आमच्याकडे कुणी नवऱ्याचं कौतुक केलं की बायकोनं त्यावर पाणी ओतायचं असतं. हो हो म्हटलं तर बाई शेफारली म्हणतात, शिवाय दृष्ट लागते ती निराळी. पुण्यातली कुठलीही बाई अशा वेळी "अहो कसलं काय" म्हणून सुरुवात करते आणि समोरची हसून आपल्या नवऱ्याचं गाऱ्हाणं काढते. त्या दिवशी माझ्याजवळ रीत होती आणि पोटात साठलेली आगही होती.

"अच्छा?" मी म्हटलं. "घर में देखो तब मालूम पड़ेगा."

"भूलता है?" तिनं विचारलं.

"बहुत भूलता है!" मला बांध फुटल्यासारखं झालं. दूध गॅसवर ठेवून विसरले, पातेलं जळलं. लेकीला शाळेतून आणायला विसरले, पोर उन्हात फाटकाशी रडत उभी. साखर आणायला बाजारात गेले आणि पाना घेऊन आले. मी एकेक सांगत होते आणि म्हातारी मान हलवत होती.

"हाथ का काम?"

"एक कील ठोकने को बोलो, दीवार तोड़ देगा."

"झगड़ा करता है तेरे साथ?"

"झगड़ा भी नहीं करता! मैं चिल्लाती हूँ, वो सुनता ही नहीं. दिल इधर है ही नहीं उसका."

ती माझ्यासारखीच गाऱ्हाणं घालेल म्हणून मी थांबले. तिनं अर्धा लाडू बशीत ठेवला, उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. मला मात्र फार हलकं वाटलं. संध्याकाळी मी गाणं गुणगुणत वांग्याची भाजी केली.

दोन दिवसांनी हे जेवायच्या वेळी घरी आले, हात धुतले आणि ताटावर न बसता खुर्चीत बसले.

"उम्म सलालहून कुणी आलं होतं?"

"आली होती एक म्हातारी. वांगी आणली होती."

"तिला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? आहे ते सांगितलं."

मग ह्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं ती कशाला आली होती. तिचे वडील मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारणारे. बुडी मारणाऱ्याच्या कमरेचा दोर वर होडीत एक जण धरून बसतो. खालून दोराला हिसका आला की क्षणात ओढायचं, एवढंच त्याचं काम. तो दोर कुणा परक्याच्या हाती देत नसत. मेव्हणा नाहीतर भाऊ धरायचा, आणि त्याच्या घरात सुख आहे ना, त्याचं चित्त थाऱ्यावर आहे ना, हे आधी बघायचे. म्हातारीच्या हिशेबानं तिच्या मुलाचा दोर आता ह्यांच्या हातात होता. ती दोर धरणाऱ्याचं घर तपासायला आली होती. आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की तो विसरतो, त्याचे हात अडाणी आहेत आणि त्याचं मन ठिकाणावर नाही.

मुलगा त्या दिवसापासून तळावर आलाच नव्हता. तुकडीचा कमांडर म्हणजे म्हातारीच्या बहिणीचा मुलगा. तो स्वतः समजवायला गेला. मावशीनं त्याला कॉफी पाजली, खजूर दिले आणि परत पाठवलं. मग बाकीच्या आयांपर्यंत बातमी गेली. त्या सगळ्या एकमेकींच्या चुलत नाहीतर आते-मामे बहिणी. मोठ्या देशात हुकूम सुटला की खालपर्यंत जातो. इथे तो निम्म्या वाटेत आईपाशी येऊन अडला होता.

"तू खोटं काही बोलली नाहीस," हे म्हणाले. तेही शांतपणे. मला वाटलं, आता तरी ताट आपटावं.

"नाहीच बोलले."

"आता एकच उपाय आहे. जुनी रीत आहे आमच्यात. घडी घालणाऱ्यावर विश्वास नसेल तर त्याच्या घड्यांतली कुठलीही एक समोरच्यानं निवडायची, आणि घडी घालणाऱ्यानं ती बांधून उडी मारायची. गुरुवारी सकाळी."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. म्हणून तर विचारतोय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कमांडरला सांगेन, बायको नाही म्हणते. इथे चालतं ते. मग पॅकिंगला दुसरा कुणी येईल. आपण पुण्याला जाऊ."

मला हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर आलं होतं. एक "नाही" म्हणायचं आणि ती तुकडी कायमची सुटली असती. नवरा माझा, त्याची नखं माझी, त्याचा राग माझा. मी तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर ती म्हातारी आली, अर्धा लाडू बशीत ठेवून उठणारी. माझ्या नवऱ्याचे हात अडाणी आहेत असं ठरवून ती गेली होती. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ह्यांना नावं मी ठेवीन. ती कोण लागून गेली?

"मारा," मी म्हटलं. "एकदाच. आणि मी बघायला येणार."

"एकदाच," हे म्हणाले, आणि मग जेवले.

गुरुवारी आम्ही वाळवंटात गेलो तेव्हा गाड्यांची रांग आधीच लागलेली होती. काचा अर्ध्या खाली, आत आया, मावश्या, आज्या, मांडीवर कॉफीचे थर्मास. पोरं गणवेशात एका बाजूला खाली मान घालून उभी होती. इतकी धिप्पाड पोरं आयांच्या देखत अगदी शाळकरी झाली होती. ताडपत्रीच्या सावलीत पॅराशूट ओळीनं मांडलेली. म्हातारी गाडीतून उतरली. कमांडर भाच्यासारखा तिच्या मागे. ती ताडपत्रीपर्यंत गेली, वळली आणि मला हाक मारली.

"बिंती, तू चुन. उसकी गलती तेरे को मालूम."

सगळ्या काचा आणखी खाली आल्या. मी पदर खोचला आणि गेले. आमचं घर जिच्यासाठी रिकामं राहायचं त्या सवतीला मी पहिल्यांदा जवळून बघत होते. कोपरे काटकोनात. पट्ट्या सपाट. सुताच्या गाठी एकसारख्या, एक दोरा बाहेर डोकावत नव्हता. मी ओणवी होऊन चूक शोधत होते, आणि खरं सांगते, चूक सापडावी असं मला वाटत होतं. सापडली असती तर हे उडी मारणार नव्हते, आणि शिवाय मी खरी ठरले असते. घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या माणसानं हे हातांनी केलं होतं. इतकी माया. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते भीतीचं नव्हतं.

मी टोकाच्या एका पॅराशूटवर हात ठेवला. हे पुढे आले. मला वाटलं, माझ्याकडे बघतील. ह्यांनी पॅराशूटकडे बघितलं, ते उचललं, पाठीवर चढवलं, पट्टे ओढून पाहिले आणि हेलिकॉप्टरकडे चालू लागले. घोट्याचं जुनं दुखणं होतं, रोज घरात जरा लंगडायचे. त्या दिवशी लंगडत नव्हते.

हेलिकॉप्टर वर गेलं. म्हातारी माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनं माझं मनगट धरलं. ती तिच्या देवाचं नाव घेत होती, मी माझ्या. वर दारातून एक ठिपका सुटला आणि खाली येत राहिला. मला एवढंच आठवतं की माझ्या मनगटात तिची बोटं रुतली होती आणि मी ओरडत होते, "अहो, उघडा ना!" जसं काही हे दाराआड आहेत. मग छत्री उघडली. गाड्यांमधून बायकांनी जिभा हलवून लग्नात करतात तसला आनंदाचा कल्लोळ केला. म्हातारीनं मनगट सोडलं.

"खलास," ती म्हणाली. "मेरा बेटा जाएगा." आणि माझ्याकडे वळून, "तू झूठ बोली, बिंती."

"मैं झूठ नहीं बोली," मी म्हटलं. अजूनही म्हणते.

हे खाली आले, गडगडले, उभे राहिले. पोरं शिस्त सोडून धावत सुटली. त्यांनी ह्यांना उचललं, खांद्यावर घेतलं, आणि इतक्या लांबून मला ह्यांचं हसणं ऐकू आलं. तोंड भरून, पोट धरून हसत होते. हा माणूस असा हसतो हे मी विसरले होते. बहुधा लग्न झालं त्या सुमारास ऐकलं असेल.

परत येताना गाडी हे चालवत होते. केसांत वाळू, कोपर खरचटलेलं. रस्ता सरळ होता.

"भीती वाटली का?" मी विचारलं.

"नाही."

"मग काय वाटलं?"

"फार बरं वाटलं गं," हे म्हणाले. "दार उघडलं ना वर, वारा आला तोंडावर, तेव्हा फार बरं वाटलं."

तो आवाज ऐकून माझा जीव कळवळला. माझ्या एका शब्दापायी हा माणूस इतकी वर्षं हे दाबून बसला होता. मनात म्हटलं, पुरे झाली तुझी अट. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "वाटत असेल तर मारा हो आणखी. मी काही म्हणणार नाही."

ह्यांनी घसा खाकरला.

"शनिवारी आहे परत. नव्या पोरांच्या पहिल्या उडीला त्यांच्याबरोबर मीही येणार म्हणून सांगून बसलोय."

"कधी सांगितलंत?"

"तुला विचारलं ना, त्याच्या आधीच."

म्हणजे खुर्चीत बसून मला विचारलं, पुण्याला जाऊ म्हणाले, माझ्या "एकदाच"ला "एकदाच" म्हणाले, ते सगळं ठरवून झाल्यावर. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लाज होती, पण लाजेच्या खाली ते हसणं अजून होतंच, आवरत नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या आधी जे आलं ते वेगळंच होतं. इतकी वर्षं मी त्या तुकडीचा मत्सर केला. त्या दुपारी, गाडीत, मला माझ्या नवऱ्याचा मत्सर वाटला. त्यांच्याजवळ असं काहीतरी होतं की ज्याच्यासाठी ते देवासमोर दिलेला शब्द मोडू शकत होते आणि मला फसवू शकत होते. मी सबंध रस्ताभर आठवून पाहिलं. ज्याच्यासाठी मी ह्यांना एकदा तरी फसवलं असतं, असं माझ्याजवळ काहीच नव्हतं.